टाळाची साक्ष

जुन्या ध्वनिमुद्रिकांवर जीव असलेल्या रसिकांमध्ये एक मत इतक्या वेळा उच्चारले जाते की त्याला आता सिद्धान्ताचा मान मिळाला आहे. तबकडीवरचा आवाज जिवंत होता, सीडी आली आणि गाण्यातला प्राण गेला, आता मोबाइलवर उरले आहे ते कलेवर, असे ते मत. त्याला शास्त्राचा टेकूही दिला जातो. तबकडीवर आवाजाची अखंड लहर कोरलेली असते. संगणक त्या लहरीचे तुकडे करून त्यांचे आकडे लिहितो. तुकड्यांच्या मधले जे असते ते कायमचे हरवते, आणि आपल्या संगीताचा अर्क तर नेमका स्वरास्वरांच्या मधल्या जागेत असतो, असा तो युक्तिवाद. संतवाणीचा विषय निघाला की हे मत अधिकच हळवे होते. भीमसेन जोशींचे अभंग किंवा श्रीनिवास खळ्यांच्या चालींवरचे लता मंगेशकरांचे ‘अभंग तुकयाचे’ ऐकायचे तर एलपीवरच, असे बजावून सांगितले जाते. या मताशी माझे भांडण आहे. रसिकांच्या कानांवर माझा अविश्वास नाही. त्यांना जाणवणारा फरक पुष्कळदा खरा असतो. पण त्या फरकाचे खापर ते ज्याच्या माथी फोडतात तो निर्दोष आहे, आणि खरा दोषी या गदारोळात सहीसलामत सुटतो.

वाद आवाजाच्या दर्जाचा आहे, तर साक्षीदार नीट निवडला पाहिजे. ‘ऊब’, ‘गोडवा’, ‘जिवंतपणा’ हे शब्द साक्ष देऊ शकत नाहीत, कारण ते ज्याचे त्याचे असतात. मी साक्षीला टाळ बोलावतो. तुकोबांच्या देहूचा विचार करताना हे वाद्य आपोआप पुढे येते. तुकोबांच्या अभंगाइतका प्रत्येक माध्यमातून गेलेला मराठी शब्द क्वचितच सापडेल: लाखेची तबकडी, बोलपट, आकाशवाणी, एलपी, कॅसेट, सीडी, मेमरी कार्ड, आणि आता मोबाइल. या सगळ्यांत वारकरी चालीच्या भजनात टाळ असतोच. आणि ध्वनिमुद्रणाच्या दृष्टीने टाळ हे अत्यंत अवघड वाद्य आहे. काशाच्या दोन वाट्या एकमेकींवर आदळतात तो क्षण अतिशय तीक्ष्ण असतो. त्यानंतर धातूची थरथर हळूहळू विरत जाते. त्याची चमक सेकंदाला तीन-चार हजार कंपनांच्या वर सुरू होते आणि दहा हजारांच्याही पुढे जाते. मानवी गळ्याचा मूळ स्वर मुद्रित करणे त्या मानाने सोपे आहे, म्हणून निकृष्ट माध्यमसुद्धा गायकाला ओळखण्याइतके शाबूत ठेवते. टाळाच्या बाबतीत अशी सवलत नाही. माध्यमाने काही खाल्ले असेल तर ते टाळ लगेच सांगतो.

हिंदुस्थानात १९०२ साली फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गौहर जानचे गाणे मुद्रित केले, तेव्हा विजेचा मायक्रोफोन नव्हता. गायकाने कर्ण्यात तोंड घालून गायचे, त्या हवेच्या दाबाने पडदा थरथरायचा आणि सुई मेणावर खाच कोरायची. तबकड्या छापून यायच्या जर्मनीतल्या हॅनोव्हरहून. कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला तो १९०८ साली. कर्ण्याच्या या पद्धतीत साधारण अडीचशे ते अडीच हजार हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तितकी कंपने, एवढाच पट्टा पकडला जाई. म्हणजे टाळाचा ठोका कळायचा, टाळ कळायचा नाही. मृदंगाच्या धुमेचा कणभरही भाग तबकडीवर उतरत नसे. १९२५ नंतर विद्युत ध्वनिमुद्रण आले आणि वरची मर्यादा पाच हजारांच्या आसपास गेली. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या अखेरच्या काळातल्या तबकड्या आज हेलावून टाकतात, त्या या दुसऱ्या युगातल्या आहेत. त्यांच्याच १९०५ च्या सुमाराच्या तबकड्या शेजारी ठेवून ऐका. ‘जुने ते चांगले’ हे सूत्र जुन्याच्या पोटातच मोडते. १९३६ साली पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीत दामले-फत्तेलाल यांनी ‘संत तुकाराम’ केला. केशवराव भोळ्यांचे संगीत आणि विष्णुपंत पागनीसांचा गळा यांनी तुकोबांचा अभंग गावोगाव नेला. त्या चित्रपटाचा आवाज फिल्मच्या कडेला प्रकाशाच्या पट्टीत लिहिलेला होता, आणि थिएटरात पाच-सहा हजारांच्या वरचे फारसे काही श्रोत्यापर्यंत पोचत नसे. तरीही त्या आवाजाने लोक रडले, थिएटरात हात जोडून बसले. याचा अर्थ भावनेला पूर्ण पट्टा लागत नाही एवढाच. त्या आवाजात पूर्ण पट्टा होता असा अर्थ त्यातून निघत नाही, आणि माझ्या विरोधकांच्या मतात या दोन गोष्टींची सतत गल्लत होते.

१९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेऱ्यांची व्हिनाइल तबकडी, म्हणजे एलपी, आणली. साडेतीन मिनिटांत ख्याल कोंबण्याच्या शिक्षेतून तिने गवयांची सुटका केली. एलपी हे विसाव्या शतकातले थोर यंत्रकौशल्य आहे. पण तिच्या मर्यादा कल्पित नाहीत, भूमितीतून आलेल्या आहेत. तबकडी एकाच गतीने फिरते, म्हणून कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे एक्कावन्न सेंटिमीटर खाच सरकते आणि आतल्या टोकाला जेमतेम एकवीस. म्हणजे बाजू संपत येते तशी तीच लहर निम्म्याहून कमी जागेत दाटीवाटीने कोरावी लागते, आणि सुईला ती वळणे नीट घेता येत नाहीत. भजनाची चढती लय, टाळांचा गजर हा सगळा भाग नेमका बाजूच्या शेवटी, म्हणजे तबकडीच्या सर्वांत दुबळ्या जागी पडतो. तिथे टाळ चरचरतो, ‘स’ आणि ‘श’ फाटतात. हे तबकडी कापणाऱ्या तंत्रज्ञांना ठाऊक होते, म्हणून ते वरचे स्वर जरा दाबून कापत. आपण ज्याला ऊब म्हणतो तिचा मोठा हिस्सा हा असा दाबलेल्या टाळाचा आहे. उरलेला हिस्सा सुईला खाच तंतोतंत धरता न आल्याने निर्माण होणाऱ्या जादा उपस्वरांचा. ते उपस्वर कानाला गोड लागतात हे मला मान्य आहे. फक्त ते गायकाने गायलेले नाहीत.

आता श्रुतींचा मुद्दा, कारण तबकडीचे वकील तो हुकमाच्या पत्त्यासारखा टाकतात. आकड्यांत श्रुती हरवते, तबकडीवर टिकते, असे ते म्हणतात. हिशेब करून पाहू. ज्या सर्वांत लहान स्वरांतराला आपल्याकडे प्रमाणश्रुती म्हणतात ते ८१ ला ८० असे आहे, म्हणजे सव्वा टक्का. तबकडीचे मधले भोक केंद्रापासून अर्धा मिलिमीटर सरकलेले असेल, तर केंद्रापासून आठ सेंटिमीटरवर वाजणाऱ्या खाचेचा वेग प्रत्येक फेरीत मध्यापासून दोन्हीकडे पाऊण टक्क्याच्या जरा आत हेलकावतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बरोबर सव्वा टक्का. म्हणजे दर १.८ सेकंदांनी स्थिर षड्ज पूर्ण एक श्रुती वर-खाली होऊन येतो. भोक सरकलेल्या तबकड्या दुर्मीळ नव्हत्या. लांबवलेला षड्ज किंवा तंबोरा ऐकताना त्या सहज ओळखू येतात. कॅसेटच्या फितीचा वेगही असाच कमीजास्त होतो. सीडीचे घड्याळ स्फटिकावर चालते आणि तिच्यातला हा दोष कानाच्या आवाक्यात येत नाही. ज्याला श्रुतीची काळजी आहे त्याने तबकडीचा कैवार घ्यावा हे मला कोडेच वाटते.

‘तुकड्यांच्या मधले हरवते’ हा मूळ आक्षेप ऐकायला बिनतोड वाटतो, म्हणून त्याचे उत्तर सावकाश द्यायला हवे. सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात. कागदावर हे नमुने बिंदू म्हणून काढले आणि बिंदूंना पायऱ्यांनी जोडले तर जिना दिसतो, आणि तो जिना पाहून माणसाला वाटते की आवाजही असाच खडबडीत निघत असणार. पण वाजवताना जिना बाहेर येतच नाही. हॅरी नायक्विस्टने १९२८ साली ज्याचा पाया घातला आणि क्लॉड शॅननने १९४९ साली ज्याची पूर्ण सिद्धता दिली ते गणित असे सांगते: लहरीत २२,०५० हर्ट्झच्या वरचे काही नसेल, तर त्या बिंदूंमधून जाणारी अशी लहर एकच असते, आणि ती जशीच्या तशी परत उभी करता येते. बिंदूंच्या मधला भाग अंदाजाने भरला जात नाही. तो बिंदूंनीच ठरवून दिलेला असतो. मींड, आंदोलन, घसीट या सगळ्या त्या लहरीतल्याच हालचाली आहेत. माणसाचा कान तारुण्यात वीस हजारांपर्यंत ऐकतो, पन्नाशीनंतर बहुतेकांना बारा-चौदा हजारांच्या पुढे फारसे ऐकू येत नाही. राहिली आवाजाच्या लहानमोठेपणाची उंची: सोळा अंकी (१६ बिट) नोंदीत ६५,५३६ पातळ्या असतात आणि अगदी मंद ते अगदी मोठा यांत सुमारे ९६ डेसिबलचे अंतर बसते. उत्तम स्थितीतल्या एलपीवर ते साठ-सत्तर डेसिबल असते, त्याखाली खाचेची खरखर. ज्या मूळ चुंबकीय फितींवर सत्तरच्या दशकातली गाणी मुद्रित झाली त्यांचाही आवाका तेवढाच. मूळ फितीत जे होते ते सगळे सीडीत मावते आणि वर जागा उरते.

गणितावर ज्याचा विश्वास बसत नाही त्याने एक साधा प्रयोग करावा. आवडती एलपी चांगल्या यंत्रावर लावावी आणि तिचा आवाज सीडीच्याच मापाने, ४४,१०० नमुने आणि सोळा अंक, संगणकावर उतरवून घ्यावा. मग कोणते काय वाजते आहे हे न सांगता दोन्ही ऐकवावेत, आवाजाची पातळी तंतोतंत सारखी ठेवून. ती ऊब, ती खरखर, ते भारदस्तपण सगळे त्या आकड्यांत जसेच्या तसे उतरलेले असते. आकडे जर जीव घेत असते तर तो इथेही गेला असता. या एका प्रयोगाला तबकडीच्या पक्षाकडे उत्तर नाही. २०२२ साली अमेरिकेत याचीच जाहीर प्रचिती आली. मोबाइल फिडेलिटी ही कंपनी मूळ फितीवरून थेट कापलेल्या म्हणून समजल्या जाणाऱ्या महागड्या एलपी विकत होती. त्यांतल्या अनेक तबकड्यांच्या निर्मितीत कित्येक वर्षे मधला एक टप्पा डिजिटल होता हे त्या साली तिच्या तंत्रज्ञांनीच मान्य केले. ज्यांनी आयुष्यभर ‘मला डिजिटल लगेच ऐकू येते’ असे म्हटले होते त्यांनी याच तबकड्या शुद्ध आवाजाचा आदर्श म्हणून गौरवल्या होत्या. ग्राहकांनी खटला भरला, तो फसवणुकीचा. आवाज बिघडल्याची तक्रार आधी फारशी कोणी केली नव्हती.

अंध चाचण्यांचा निष्कर्षही पाहू. मेयर आणि मोरन यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत अधिक सूक्ष्म मापाचा आवाज थेट आणि सीडीच्या मापातून गाळून असा दोन्ही प्रकारे ऐकवला. ५५४ वेळा विचारले, २७६ वेळा उत्तर बरोबर आले. नाणे उडवले असते तरी तेवढेच आले असते. याविरुद्ध लंडनच्या जोशुआ रीस यांनी २०१६ साली अठरा प्रयोगांची एकत्र मांडणी करून दाखवले की बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के येते, आणि प्रशिक्षित श्रोत्यांमध्ये ते आणखी वाढते. हा निष्कर्ष मी टाळणार नाही. तो खरा धरला तरी तो सांगतो एवढेच की सीडीपेक्षा सूक्ष्म डिजिटल माप काही कानांना किंचित ओळखू येत असावे. तबकडीच्या बाजूने तो एक शब्दही बोलत नाही.

इथे विरोधक रास्त प्रश्न विचारील: हे सगळे खरे असेल, तर घरातल्या एलपीवरचा अभंग आणि मोबाइलवरचा तोच अभंग यांत जमीन-अस्मानाचा फरक का ऐकू येतो, आणि तो एलपीच्या बाजूने का? याचे उत्तर माध्यमात नाही, माणसांच्या हातात आहे, आणि माझा खरा राग तिथे आहे. जुना आवाज नव्या माध्यमात उतरवताना आपल्याकडे जी हेळसांड झाली तिची यादी मोठी आहे. पहिली गोष्ट गतीची. कर्ण्याच्या काळातल्या तबकड्या सरसकट अठ्ठ्याहत्तरच्या नव्हत्या. सत्तरपासून ऐंशीच्या पुढे कुठेही त्यांची गती असे. ७८ ऐवजी साडेब्याऐंशीच्या आसपास फिरवली की गाणे अर्धा स्वर चढते. पांढरी पाचमध्ये गाणारा गवई काळी चारमध्ये जाऊन बसतो, तानेला नसलेली घाई येते आणि गळा पातळ होतो. अशा चढ्या किंवा उतरलेल्या गतीने उतरवलेल्या गाण्यांवर आपल्या पिढीने त्या गायकांच्या आवाजाबद्दल मते बनवली आहेत. दुसरी गोष्ट सफाईची. खरखर काढणाऱ्या संगणकीय चाळणीला खरखर आणि टाळाची थरथर सहज वेगळी करता येत नाही, दोन्ही त्याच उंच पट्ट्यात राहतात. उत्साहाने चाळणी लावली की खरखर जाते आणि टाळही जातो. ठोका उरतो, त्यामागची शेपटी कापलेली. तंबोऱ्याच्या जवारीचेही तेच होते. तिसरी गोष्ट भर घालण्याची: एकपदरी मुद्रणाला बनावट स्टिरिओ करणे, किंवा नव्वदच्या दशकात जुन्या हिंदी गाण्यांवर ‘झंकार बीट्स’ चढवले गेले तसला प्रकार. यातले एकही पाप आकड्यांनी केलेले नाही.

सर्वांत मोठे पाप मोठेपणाचे. दोन मुद्रणांतले जे किंचित मोठे वाजते ते कानाला चांगले वाटते, म्हणून नव्वदच्या दशकापासून जगभर प्रत्येक सीडी आधीच्या सीडीपेक्षा मोठी करण्याची चढाओढ लागली. वरची मर्यादा ठरलेली असल्यामुळे मोठे करण्याचा मार्ग एकच: लहान आवाज उचलायचे आणि शिखरे छाटायची. भजनात हा घाला फार वाईट पडतो. संथ सुरुवात, मग धृपदाची उचल, मग टाळ-मृदंगाचा कल्लोळ ही चढण म्हणजेच भजनाची घडण. सगळे एका पातळीवर आणले की चढायला काही उरत नाही, आणि टाळाचे शिखर छाटले की त्याचा पत्रा होतो. यावर तबकडीचा पक्ष म्हणेल की एलपीवर हे शक्यच नव्हते, कारण फार मोठी खाच कोरली तर सुई उडते. हा त्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा आहे आणि मी तो पूर्णपणे मान्य करतो. भौतिकशास्त्राने तंत्रज्ञांना शिस्त लावली होती; ती अट सुटताच स्वातंत्र्याचा दुरुपयोग झाला. पण मग उपाय काय? मेटॅलिका या अमेरिकन बँडच्या २००८ सालच्या ‘डेथ मॅग्नेटिक’ची सीडी इतकी छाटलेली निघाली की चाहत्यांनी हरकत घेतली, आणि तीच गाणी एका व्हिडिओ गेममध्ये न छाटता आली होती असे आढळले. गेममधला आवाजही आकड्यांतलाच होता. एकाच माध्यमात एक प्रत उद्ध्वस्त आणि दुसरी सुरक्षित, तर दोष माध्यमाचा कसा? आता गाणी पुरवणाऱ्या सेवा सगळ्यांचा मोठेपणा आपोआप एका पातळीवर आणतात, त्यामुळे छाटून काही पदरात पडत नाही. तरी जुन्या सवयीने छाटणी चालूच आहे. अशा वेळी तबकडीकडे परत चला म्हणणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

एमपीथ्रीबद्दल मात्र मी विरोधकांच्या बाजूला उभा आहे, काही अटींवर. सीडीवर सेकंदाला १,४११ किलोबिट लागतात. १२८ च्या एमपीथ्रीत त्याचा अकरावा हिस्सा उरतो. कानाला न जाणवणारे टाकून द्यायचे हे तत्त्व हुशारीचे आहे, पण तीक्ष्ण आघात आला की ते अडखळते: आघाताचा धुरळा आघाताच्या काही मिलिसेकंद आधीच ऐकू येऊ लागतो. गंमत अशी की हे दोष शोधायला युरोपातल्या अभियंत्यांनी जे मुद्रण वर्षानुवर्षे वापरले ते कॅस्टनेटचे आहे, म्हणजे आपल्या चिपळ्यांच्या सख्ख्या बहिणीचे. देहू-आळंदीच्या यात्रेत जे भजनसंच मेमरी कार्डवर किंवा पेन ड्राइव्हवर मिळतात, त्यांत एकावर शेकडो अभंग भरायचे म्हणून ते याहूनही दाबलेले असतात. त्यांतले टाळ पाण्याखालून आल्यासारखे सळसळतात. हा ऱ्हास खरा आहे. पण तो जागा वाचवण्याच्या हव्यासाचा आहे आणि त्याचे कारणही आता संपले आहे: साठवण स्वस्त झाली, २०२१ पासून मोठ्या सेवा काहीही न गाळलेला आवाज वेगळे पैसे न घेता देऊ लागल्या. चांगल्या पद्धतीने २५६ वर दाबलेला आवाजही बहुतेकांना मूळ आवाजापासून वेगळा काढता येत नाही.

आणखी एक कडी आहे, जिच्याकडे दोन्ही पक्ष पाहत नाहीत: गाणे जिथे ऐकले जाते ती जागा. देहू आज शांत गाव नाही. जवळ तळवडे, चिखली, पलीकडे चाकण. कारखान्यांच्या पाळ्या आणि कंटेनरची वर्दळ यांच्यामध्ये इंद्रायणीकाठची वस्ती राहते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, औद्योगिक भागाला ७५ ची. ज्या खोलीत बाहेरचा गोंगाट पंचेचाळीसच्या खाली जात नाही तिथे सोयीच्या मोठेपणाने ऐकताना पन्नास डेसिबलचाच आवाका वापरात येतो. एलपीचे सत्तरही वाया आणि सीडीचे शहाण्णवही. आणि तुकाराम बीजेच्या किंवा पालखीच्या दिवसांत जो आवाज सर्वांत जास्त लोकांच्या कानी पडतो तो खांबावरच्या भोंग्यातून. भोंग्यात मृदंगाची धूम बसत नाही आणि टाळाची चमक तुटते. मुद्रण कितीही उत्तम असो, शेवटची कडी त्याला पुन्हा शंभर वर्षांपूर्वीच्या कर्ण्याजवळ नेऊन ठेवते. चार भोंगे काढून दोन बरे स्पीकर बसवले तर देहूत अभंगाचा आवाज जितका सुधारेल तितका जगातली कोणतीही तबकडी आणून सुधारणार नाही.

तबकडी हाताळण्यात, तिचे वेष्टन वाचण्यात, वीस मिनिटे उठायचे नाही या बंधनात एक आनंद आहे, असे सांगितले जाते. तो आनंद खरा आहे आणि ज्याला हवा त्याने तो जरूर घ्यावा. तो लक्ष देऊन ऐकण्याचा आनंद आहे. त्याला ध्वनीच्या दर्जाचा पुरावा म्हणून पुढे करू नये, इतकेच.

ही चूक निरुपद्रवी असती तर मी इतके लिहिले नसते. पण ‘डिजिटल म्हणजे निर्जीव’ या समजुतीमुळे रसिकांचा पैसा आणि रोष दोन्ही चुकीच्या जागी जातात. नव्याने छापलेली एलपी हजारो रुपयांना घेतली जाते, आणि ती मूळ फितीवरून निघाली की बाजारातल्या सीडीवरून, हे कोणी विचारत नाही. मूळ फिती इकडे मरत आहेत. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या अनेक फितींचा चुंबकीय थर दमट हवेत चिकट होतो आणि वाजवताना खरवडून निघतो. त्याआधीच्या अॅसिटेटच्या फितींना व्हिनेगरचा वास येऊ लागला की त्यांचे दिवस भरत आले असे समजावे. २००३ साली पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि प्रभातच्या वारशातला मोठा भाग त्यात गेला. मूळ वस्तू एकदा गेली की तिच्याबद्दलची रसिकता कामाला येत नाही. आणि कॅसेटचे तर आणखी बिकट. तिची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते, स्टुडिओच्या फितीच्या एक अष्टमांश, त्यामुळे टाळ तिच्यावर बोथटच उतरतो. पण ऐंशीच्या दशकात तिने जे केले ते तबकडीने कधी केले नव्हते: मोठ्या कंपनीच्या दारात ज्यांना प्रवेश नव्हता त्या कीर्तनकारांचे, गावोगावच्या भजनी मंडळांचे आवाज तिने टिपले. मावळ-खेडच्या घराघरांत अशा कॅसेटी आहेत, ज्यांची दुसरी प्रत कुठेही नाही.

मागणी करायची तर ती कशी, याचा नमुना देहूच्याच परंपरेत आहे. मुंबई सरकारच्या मदतीने इंदुप्रकाश छापखान्याने १८६९ ते १८७३ या काळात तुकोबांची गाथा दोन खंडांत छापली, तेव्हा शंकर पांडुरंग पंडितांच्या देखरेखीखाली देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथल्या पोथ्या ताडून पाहिल्या गेल्या आणि पाठभेद नोंदवले गेले. दीडशे वर्षांपूर्वी शब्दाच्या बाबतीत जी दक्षता आपण घेतली ती आवाजाच्या बाबतीत आजही घेत नाही. अभंगाचे जुने मुद्रण पुन्हा काढणाऱ्याने त्यासोबत छापावे की हे मूळ फितीवरून घेतले की तबकडीवरून, कोणत्या गतीने वाजवले आणि ती गती कशी ठरवली, कोणती चाळणी लावली, किती छाटले. चाळणी न लावलेली प्रत वेगळी जपून ठेवावी. जगभरच्या ध्वनिसंग्रहालयांची आयएएसए ही संघटना जतनासाठी चोवीस अंकी आणि शक्यतो ९६,००० नमुन्यांची नोंद करायला सांगते. ऐकण्यासाठी एवढी गरज नसते, पण पुढे दुरुस्ती करताना ती जागा लागते. लताबाईंच्या आणि भीमसेनजींच्या अभंगांच्या फिती ज्यांच्या ताब्यात आहेत त्यांच्याकडे रसिकांनी हे मागायला हवे, आणि मिळेपर्यंत नव्या वेष्टनातली जुनीच प्रत विकत घेणे थांबवायला हवे. घरातल्या कॅसेटींसाठी तर कोणाच्या परवानगीची वाट पाहायचे कारण नाही. चालू स्थितीतला एक कॅसेट डेक, त्याचे हेड स्वच्छ पुसून फितीशी नीट जुळवलेले, आणि संगणकाला जोडायची एक साधी पेटी एवढे जमले की देहूतले एखादे भजनी मंडळसुद्धा वर्षभरात आपल्या गावचा सगळा आवाज उतरवून घेऊ शकते.